हे परीक्षेला येत नाही!

ग्वाल्हेरच्या किल्ल्यावर पूर्वेकडील चढणीने जाऊ लागले म्हणजे वाटेतच खडकात कोरलेले चतुर्भुजाचे एक लहानसे देऊळ लागते. तानसेनाची समाधी आणि मानमंदिर पाहण्याच्या घाईत असलेला प्रवासी त्याच्याकडे ढुंकूनही पाहत नाही. परंतु देशोदेशींचे गणिती मात्र मुद्दाम वाट वाकडी करून तेथे येतात, आणि भिंतीवरील एका शिलालेखापुढे उभे राहतात. हा लेख विक्रम संवत ९३३ चा, म्हणजे इसवी सन ८७६ चा. ग्वाल्हेर नगराने देवाच्या फुलबागेसाठी जमीन दिली, तिची लांबी २७० हात व रुंदी १८७ हात, आणि देवाला नित्य ५० माळा वाहावयाच्या, असा त्यातील मजकूर आहे. या २७० मधील आणि ५० मधील शून्य आज आपण काढतो तसेच वाटोळे आहे. आकाराने जरा लहान, एवढेच. कंबोडियात ६८३ सालचे, याहूनही जुने शून्य सापडले आहे, म्हणून पहिलेपणाचा मान कोणाला हा वाद पंडितांनी खुशाल घालावा. आम्हांस त्या भिंतीपुढे वेगळेच वाटले. हे शून्य कोण्या शास्त्रज्ञाने आपली विद्वत्ता मिरविण्यासाठी कोरविलेले नाही. ते बागेच्या मोजणीत आहे, माळांच्या हिशेबात आहे. गावाने गावासाठी केलेला तो व्यवहाराचा कागद आहे. कागदाऐवजी दगड, इतकाच फरक!

त्याच संध्याकाळी लष्करात एका मराठी स्नेह्यांच्या घरी आमचा मुक्काम होता. दौलतराव शिंद्यांनी १८१० साली छावणी दिली तेव्हा वसलेला हा भाग. दोन शतके लोटली तरी तेथल्या कित्येक घरांत अजून मराठी बोलली जाते, तिच्यात हिंदीची भेसळ आहे, पण आपुलकीत भेसळ नाही. घरातील मुलगी यंदा दहावीला. तिच्यापुढे अपेक्षित प्रश्नांचा संच उघडा, हातात पेन, आणि चाललेला प्रकार असा की, एक ते बारापर्यंतच्या संख्यांची बेरीज करावयाची. पहिले पद अधिक शेवटचे पद, गुणिले पदांची संख्या, भागिले दोन. उत्तर ७८. दहा सेकंदांत झाले. आम्ही मनापासून शाबासकी दिली.

तेवढ्यात तिच्या वडिलांनी नव्या मोबाइलची गोष्ट काढली. किंमत १२,००० रुपये. दुकानदार म्हणतो, व्याज वर्षाला फक्त शेकडा बारा, बारा हप्त्यांत फेडा. म्हणजे व्याज १,४४० रुपये आणि महिन्याचा हप्ता १,१२०. स्वस्तच पडते, असे त्यांचे मत. आम्ही मुलीला म्हणालो, "बाळ, तुझ्या बाबांना व्याज खरोखर किती टक्के पडते, ते सांग पाहू." ती आमच्याकडे पाहून हसली आणि म्हणाली, "काका, हे परीक्षेला येत नाही."

वाचकहो, या चार शब्दांनी आमची त्या रात्रीची झोप उडविली. कारण हे परीक्षेला येते! तिने आत्ताच सोडविले होते, तेच हे गणित. दर महिन्याला मुद्दलाचे हजार रुपये परत जातात. म्हणून वडिलांच्या हाती पहिल्या महिन्यात बारा हजार, दुसऱ्यात अकरा हजार, आणि अखेरच्या महिन्यात उरते अवघे एक हजार. एक ते बारांची बेरीज ७८. तिला बाराने भागले की साडेसहा. म्हणजे वर्षभर वापरावयास मिळाले सरासरी साडेसहा हजार, आणि व्याज मात्र घेतले पुऱ्या बारा हजारांवर. साडेसहा हजारांवर १,४४० म्हणजे शेकडा सुमारे बावीस! पाटीवर बारा, खिशातून बावीस. श्रेढीचे सूत्र पाठ, श्रेढी ओळखता येत नाही; आणि ती ओळखता येत नाही म्हणूनच दुकानदाराची पाटी खपते.

मुलीचा यात काय दोष? तिच्या मास्तरांना अभ्यासक्रम संपवावयाचा आहे, शिकवणीवाल्याला निकाल दाखवावयाचा आहे, आणि प्रश्नसंच छापणाऱ्याला पुढील वर्षाचा संच खपवावयाचा आहे. सरावाच्या नावाखाली जे चालते ते पाठांतर होय. आकडे बदलून तेच उदाहरण वीस वेळा केले म्हणजे हात बसतो, डोके बसत नाही. उद्या प्रश्नाने वेष बदलला, म्हणजे 'श्रेढी' हा शब्दच त्यात नसला, की ही फौज गडबडते. आणि व्यवहारात कोणताही प्रश्न आपले प्रकरण सांगून समोर येत नाही.

या रोगावर परीक्षा मंडळांनी शोधलेली औषधे पाहावीत. शालान्त परीक्षांच्या इतिहासात ग्वाल्हेरचे नाव जुने आहे. १९२९ साली राजपुताना, मध्य हिंदुस्थान आणि ग्वाल्हेर यांसाठी जे मंडळ अजमेरास निघाले, तेच पुढे १९५२ साली केंद्रीय माध्यमिक मंडळ झाले. या केंद्रीय मंडळाने २०२० च्या परीक्षेपासून दहावीच्या गणिताच्या दोन प्रश्नपत्रिका केल्या, एक 'बेसिक', दुसरी 'स्टँडर्ड'. अभ्यासक्रम एकच, कठिणपणा वेगळा. मध्यप्रदेश मंडळाने काही वर्षे सहापैकी उत्तम पाच विषयांवर निकाल लावण्याची सवलत दिली. मग सहावा, नापास झालेला विषय बहुधा कोणता असेल हे सांगावयास ज्योतिषी नको. महाराष्ट्रात सामान्य गणित नावाचा हलका पर्याय होता, तो बंद झाला. आणि २०२४ च्या ऑक्टोबरात असा विचार पुढे आला की, गणित व विज्ञान यांत ३५ ऐवजी २० गुणांवर उत्तीर्ण करावे, मात्र हे विषय पुढे घेता येणार नाहीत असा शेरा गुणपत्रिकेवर मारावा.

या सवलतींना आम्ही सरसकट विरोध करीत नाही, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. गणितात गचकली म्हणून शाळा सुटली आणि वर्षाच्या आत बोहल्यावर चढविली, अशा मुली आपल्यापैकी प्रत्येकाच्या गल्लीत होऊन गेल्या आहेत. एका विषयाच्या दाराशी मुलाचे सारे आयुष्य अडवून धरणे ही क्रूरता आहे. मुलाला पुढे जाऊ द्यावे. आमचा आक्षेप निराळा आहे. दार उघडताना व्यवस्था मुलाच्या कानात पुटपुटते की, 'गणित तुझ्यासाठी नाही.' हे धडधडीत खोटे आहे! इंजिनिअर होणाऱ्याला वर्गसमीकरण लागेल, हे खरे. पण जो इंजिनिअर होणार नाही, ज्याला आयुष्यभर उसनवारी, हप्ता, भिशी, दुकानाचे भाडे आणि मजुरीचा हिशेब यांतूनच वाट काढावयाची आहे, त्याला शेकडेवारी अधिक लागते. गणित सोडून दिल्याने त्याची गणितापासून सुटका होत नाही; त्याचे गणित दुसरा कोणी करतो, इतकेच.

पुस्तकांत याची सोय अगदीच नाही असे नव्हे. महाराष्ट्राच्या २०१८ च्या दहावीच्या पुस्तकात 'अर्थनियोजन' हे स्वतंत्र प्रकरण आहे, त्यात वस्तू व सेवा कर आहे, शेअर्स आहेत. ग्वाल्हेरच्या मुलीच्या हाती एनसीईआरटीचे पुस्तक. त्यात दहावीला असे प्रकरण नाही. तरी पुण्याच्या मुलाने फार फुशारून जाऊ नये. त्याला विचारून पाहावे: करासह १,१८० रुपयांना इस्त्री घेतली, कर शेकडा अठरा, तर मूळ किंमत किती? दहापैकी बरेच जण ११८० चे अठरा टक्के काढून वजा करतील आणि ९६७ रुपये ६० पैसे असे उत्तर छातीठोकपणे देतील. मूळ किंमत १,००० रुपये आहे. टक्के कशाचे, हा प्रश्नच त्यांना कोणी विचारावयास लावलेला नाही. १९०५ साली माधवराव शिंद्यांनी सुरू केलेल्या ग्वाल्हेरच्या मेळ्यात २०२५ साली वाहनकरात निम्मी सूट होती. सूट करावर, किमतीवर नव्हे, हा भेद ज्याला कळत नाही तो मेळ्यातून काय घेऊन घरी येईल, ते देव जाणे.

आम्ही स्वतः कलाशाखेचे पदवीधर. आमच्या सभांची गर्दी मोजताना आमचे गणित सैल होते, असा आरोप प्रतिपक्ष नेहमी करतो, आणि तो अगदीच निराधार आहे असे आम्ही शपथेवर सांगणार नाही. परंतु वर्गणीचा, कागदाच्या रिमांचा आणि उधारीचा हिशेब करताना आम्हांस तारले ते महाविद्यालयाने नव्हे, तर संध्याकाळच्या परवच्याने. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी! १९५७ साली दशमान नाणी आली, पाठोपाठ किलो आणि मीटर आले, आणि सोळा आण्यांच्या रुपयाबरोबर ही सारी उजळणी आपण उकिरड्यावर फेकली. आणे गेले ते बरे झाले, पण बाजारातून पाव, पाऊण, सव्वा आणि दीड कोठे गेले? ३६० रुपये किलोची गजक सव्वा किलो घेतली तर ३६० आणि त्याचे पाव ९०, मिळून ४५०. याला मोबाइल काढावा लागत असेल तर हातातील सामर्थ्य आपण खुशीने दुसऱ्याच्या हाती दिले आहे.

येथे भाषेचा प्रश्न येतो, आणि तो ग्वाल्हेरकरांइतकाच आपलाही आहे. त्या मुलीची आजी मराठीत 'एकोणसाठ' म्हणते, शाळा हिंदीत 'उनसठ' म्हणते, आणि शिकवणीत इंग्रजी आकडे चालतात. आपल्याकडे बाजारात कानडी, घरी मराठी आणि शाळेत इंग्रजी. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात 'एकवीस'च्या जोडीला 'वीस एक' आणले तेव्हा महाराष्ट्रात केवढा गहजब झाला! जोडाक्षरांत आणि उलट्या क्रमात अडखळणाऱ्या मुलांची अडचण त्यामागे होती, तिची थट्टा करणे सोपे होते. पण जे घर मुलाशी मराठीत एकही हिशेब करीत नाही, त्याने 'एकवीस'साठी गळा काढावा, यासारखा विनोद नाही. मूल ज्या भाषेत भांडते, त्या भाषेत त्याला हिशेब करता आला पाहिजे. कारण हिशेबावरूनच पुढे आयुष्यात भांडावे लागते.

म्हणून आमची सूचना साधी आहे. परीक्षेला अजून अवधी आहे. प्रश्नसंच बाजूला फेका, असे आम्ही म्हणत नाही, तो सोडवावाच. पण रोज पाव तास घरातील एक खराखुरा कागद मुलापुढे ठेवावा. विजेचे बिल आले तर पहिल्या टप्प्याचा दर किती, पुढच्याचा किती, हे त्याने काढावे. वाण्याची पावती त्याने तपासावी, आणि चूक सापडली तर दुकानात जाऊन ती त्यानेच दाखवावी. घर रंगवावयाचे असेल तर भिंतींचे क्षेत्रफळ त्याने मोजावे, खिडक्या वजा कराव्यात. कर्जाचा कागद घरात असेल तर तो मुलापासून लपवू नये. उत्तर काढण्याआधी त्याने अंदाज सांगावा, आणि मग अंदाज व उत्तर यांत अंतर का पडले ते शोधावे; या एका सवयीने परीक्षेतील निम्म्या ढोबळ चुका टळतात, हे कोणताही अनुभवी मास्तर सांगेल. मग हे प्रकरण पुस्तकात कोठे आहे, ते त्यानेच पाने उलटून काढावे. आपल्या गावांतील वाचनालयांच्या आणि तरुण मंडळांच्या खोल्या सायंकाळी रिकाम्या असतात, तेथेही हे व्हावे. व्याख्यानमाला पुष्कळ झाल्या.

त्या रात्री लष्करातल्या घरी मोबाइलचा विषय मिटल्यावर आम्ही चतुर्भुजाची बाग मुलीपुढे ठेवली. हात म्हणजे दीड फूट धर, बाग किती एकरांची? ती २७० गुणिले दीड मांडू लागली, तोच आतल्या खोलीतून आजीचा आवाज आला, "सत्तावीस दीडे साडेचाळीस!" म्हणजे ४०५ फूट. रुंदी साडेदोनशे ऐंशी फूट. आजीला एवढे वाक्य चालले नाही. "दोनशे साडेऐंशी म्हणा," असे तिने आम्हांस दुरुस्त केले. गुणाकार करून, एकराचे ४३,५६० चौरस फूट धरून मुलीने सुमारे दोन पूर्णांक सहा दशांश एकर असे उत्तर काढले. मग रोजच्या ५० माळा, तर वर्षाच्या किती, हे तिने न विचारताच केले, १८,२५०. आणि लीप वर्ष असेल तर आणखी ५०, असेही जोडले. आजी दारात येऊन उभी राहिली आणि म्हणाली, "देवाचे वर्ष तिथींचे. तीनशे चौपन्न दिवस धर. आणि अधिक महिना आला तर?"

मुलीने नवे पान उलटले.