एक हात कमीच बरा

पावसाळा लागला की वाचकांची पत्रं एकाच तक्रारीची येतात: मॉडेल गाडीच्या बॉडीवर पांढुरकी झाक आली, आता काय करायचं? कारण साधं आहे. लॅकरमधला थिनर झपाट्याने उडतो, उडताना पृष्ठभाग गार करतो, आणि जुलैच्या हवेतली ओल त्या गार प्लॅस्टिकवर दवासारखी धरते. ती रंगात अडकली की काळा रंग राखाडी दिसायला लागतो. उपायही ठाऊक असलेलाच. सावकाश उडणारा थिनर किंवा रिटार्डरचे चार थेंब घालून हलका फवारा मारा, एसीच्या खोलीत काम करा, नाहीतर सरळ बॉडी डब्यात ठेवून सीट आणि डॅशबोर्ड रंगवायला घ्या. बहुतेक जण मात्र झाक लपवायला रंगाचा आणखी एक हात मारतात आणि त्यावर क्लिअरचे तीन. या महिन्यात बोलायचं आहे ते या जादा हाताबद्दल.

जरा हिशेब मांडू. कारखान्यातून निघालेल्या गाडीवर प्रायमर, रंग, क्लिअर सगळं धरून साधारण १०० ते १२० मायक्रॉनचा थर असतो. १/२४ मापात तो ४-५ मायक्रॉन व्हायला हवा. तेवढा पातळ थर कोणालाच जमणार नाही, मान्य. पण आपण आठ-नऊ हात देऊन ८० मायक्रॉनपर्यंत जातो, म्हणजे खऱ्या गाडीवर जवळपास दोन मिलिमीटर रंग. गाडीचा पत्रा स्वतः पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो! पत्र्याहून जाड रंग चढवलेली गाडी खरी वाटेल कशी?

पहिला बळी जातो दाराच्या फटीचा. खऱ्या गाडीत ती चार मिलिमीटरची धरली, तर मॉडेलवर मिलिमीटरचा जेमतेम सहावा भाग. किटवर ती थोडी रुंद कोरलेली असते, पण उथळ. रंग तिच्या दोन्ही कडांवर चढतो, तळाशी साचतो, आणि कोपरे गोल होतात. मग आपण काळ्या वॉशने रेघ ओढून फट ‘दाखवतो’. त्यापेक्षा प्रायमरच्या आधी स्क्रायबर घेऊन प्रत्येक चर खोल करा. अर्ध्या तासाचं काम आहे, आणि कुठल्याही महागड्या क्लिअरपेक्षा त्याचा फायदा जास्त. मोटारींचे मेटॅलिक रंग वापरणाऱ्यांनी हेच गणित तिथेही लावून पाहावं: २० मायक्रॉनचा चमकीचा कण १/२४ मध्ये अर्ध्या मिलिमीटरच्या टिकलीएवढा होतो. मॉडेलसाठी बारीक दळलेले मेटॅलिक रंग मिळतात, तेच वापरा.

चकाकीचं हे वेड आलं कुठून? माझ्या मते बरंचसं अमेरिकेतून. एएमटीने १९५८ मध्ये एकाच डब्यातून तीन तऱ्हांची गाडी बनवता येईल अशी किटं काढली, पुढे जॉर्ज बॅरिससारखे कस्टम गाड्यांचे कारागीर त्या कंपनीशी जोडले गेले. त्या गाड्यांवर मुळातच लॅकरचे थरावर थर चढवलेले असत. त्यांचं मॉडेल आरशासारखं चमकलं तर ते बरोबरच आहे. चूक होते ती तोच आरसा प्रत्येक गाडीवर बसवताना.

आपली पद्मिनी टॅक्सी घ्या. कुर्ल्यात तयार झालेली ही गाडी टॅक्सी म्हणून मुंबईच्या रस्त्यावरून ऑक्टोबर २०२३ मध्ये कायमची उतरली. तेव्हापासून स्क्रॅच-बिल्ड आणि थ्रीडी प्रिंटच्या पद्मिनी आमच्याकडे फोटोरूपाने येऊ लागल्या आहेत, आणि त्यांतल्या बऱ्याच शोरूममधून नुकत्याच निघाल्यासारख्या दिसतात. काळीपिवळी अशी कधी दिसली होती? पासिंगच्या आधी रंगवलेली, उन्हाने टपावरचा पिवळा फिकटलेला, बॉनेटचा काळा हात फिरवून फिरवून निस्तेज झालेला. त्यासाठी शुद्ध काळा नकोच, थोडा राखाडी मिसळा. लहान आकारावर शुद्ध काळा मेल्यासारखा दिसतो. क्लिअर सॅटिन घ्या, आणि तोही एकच हात. क्रोमच्या कडा मात्र फॉइलने किंवा क्रोम पेनने नीट करा, कारण पद्मिनीची ओळख तिथे आहे.

दोन घटकांचं क्लिअर वापरणाऱ्यांना एवढंच सांगतो: त्याच्या हार्डनरमध्ये आयसोसायनेट असतं, साध्या कापडी मास्कने ते अडत नाही. बंद गॅलरीत, शेजारच्या खोलीत लहान मूल झोपलेलं असताना ते फवारू नका. दुसरं म्हणजे, काचेसारखा जाड थर बसतो तो बहुधा यानेच. तासून, ३००० च्या पेपरने घासून, कंपाउंड लावून तो पातळ करता येतो, पण इतकी मेहनत करायचीच असेल तर मुळात कमी का फवारू नये?

परीक्षकांनाही एक विनंती आहे. टॉर्च बॉनेटवर मारून दिव्याचं प्रतिबिंब पाहण्याऐवजी तो दाराच्या फटीवर तिरका धरा आणि सावली पडते का बघा. गुण तिथे द्या.

दिवाळी अंकातल्या वाचकांच्या दालनासाठी फोटो १५ सप्टेंबरपर्यंत पाठवा. बाजूने उजेड टाकून काढलेला निदान एक फोटो हवाच, आणि सोबत प्रायमरपासून क्लिअरपर्यंत एकूण किती हात दिले ते लिहा. त्या दालनात या वेळी तो आकडा प्रत्येक मॉडेलखाली छापणार आहोत.