मोडकळीस आणलं कुणी?

दादर पश्चिमेला कंडक्टर ‘पोर्तुगीज चर्च’ म्हणून पुकारतो. गोखले रोडवर उतरून पाहावं, तर समोर पोर्तुगीज असं काहीच नाही. काँक्रीटचे शंकूसारखे घुमट, मधून मधून उघडी अंगणं. 1596 मध्ये फ्रान्सिस्कन पाद्र्यांनी जिथं चर्च स्थापलं, तिथली जुनी इमारत गेली आणि 1974 ते 1977 या काळात वास्तुविशारद चार्ल्स कोरिया यांची ही वास्तू उभी राहिली.

आपल्या वस्तीतलं जुनं चर्च पाडायला निघालेल्यांच्या तोंडी हा दाखला ठरलेला. “तिथं काय बिघडलं? उलट चांगलंच झालं!” चांगलं झालं हे खरंच, ती वास्तू मला आवडतेही. पण कोरिया दर वेळी भेटत नाहीत. एरवी पाडकामानंतर पदरात पडतं ते गुळगुळीत फरशी, ॲल्युमिनियमच्या सरकत्या खिडक्या आणि दारालगत देणगीदारांची लांबलचक पाटी. (देवळांचं तरी काय वेगळं आहे? लाकडी सभामंडप उतरवून स्लॅब टाकायचा आणि त्याला जीर्णोद्धार म्हणायचं. उद्धार होतो तो ठेकेदाराचा.)

दुसरा आक्षेप बाहेरच्यांचा: ही परक्या सत्तेची खूण, गेली तर बरंच. याला फार वेळ द्यायचं कारण नाही. मुंबई-वसईच्या ज्या ख्रिस्ती समाजानं 1887 मध्ये ‘ईस्ट इंडियन’ हे नाव घेतलं, त्याची घरची बोली मराठीच. आणि 1739 मध्ये चिमाजीअप्पांनी वसई जिंकल्यावर तिथल्या चर्चच्या घंटा आपल्या देवळांत आल्या. नाशिकची नारोशंकराची घंटा त्यांतलीच. परकी म्हणून ती कुणी वितळवली नाही.

“चर्च म्हणजे माणसं, विटा नव्हेत,” असं धर्मगुरू सांगतात तेव्हा मान तुकवावीशी वाटते. पण मग त्या माणसांना विचारलंत का? ज्यांचे बाप्तिस्मे, लग्नं आणि अखेरच्या प्रार्थना त्या छपराखाली झाल्या, त्यांना बहुतेक वेळा थेट नव्या इमारतीचं रंगीत चित्रच पाहायला मिळतं.

उरतो तो खरा मुद्दा: इमारत मोडकळीस आली, दुरुस्ती परवडत नाही. इथं विरोधकांची बाजू भक्कम दिसते, म्हणून जरा खोलात जाऊ. जुन्या भिंती चुन्यात बांधलेल्या असतात. चुन्याचा गिलावा भिंतीतला ओलावा बाहेर सोडतो. मध्येच कुणीतरी ‘मजबुती’साठी त्यावर सिमेंट थापतं. ओल आत कोंडते, भिंत फुगते, पापुद्रे सुटतात, तुळईचं भिंतीत रुतलेलं टोक कुजतं. मग तीच भिंत दाखवून इमारत धोकादायक ठरवायची! कौलं वेळेवर चाळली नाहीत, पन्हळी साफ केल्या नाहीत, हे कुठल्याच अहवालात येत नाही. कुजलेलं टोक कापून तिथं नव्या लाकडाचा जोड देता येतो. त्यासाठी अख्खं छप्पर उतरवावं लागत नाही. चुन्याचं काम जाणणारे गवंडी कमी आहेत, वेळही जास्त लागतो, हे कबूल. पण कठीण आणि अशक्य यांत फरक आहे.

पुरावा मुंबईतच आहे. माझगावचं 1632 चं ग्लोरिया चर्च 1911 मध्ये पाडलं गेलं आणि 1913 मध्ये भायखळ्याला नवं उभं राहिलं. त्या नव्याचंही वय झालं. या वेळी मात्र ते पाडलं नाही, दुरुस्त केलं आणि 2019 च्या युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक वारसा पुरस्कारांत त्याचा गौरव झाला. एकाच चर्चच्या नशिबी हे दोन्ही निर्णय आले. आज माझगावात जुन्या ग्लोरियाचं काय दाखवाल?

कुठलीच इमारत कधीच पाडू नये, असं माझं म्हणणं नाही. खरोखर कोसळायला आलेल्या छपराखाली लेकरांना बसवायचं नसतं. पण गरज सिद्ध करायची जबाबदारी पाडणाऱ्याची आहे, राखू पाहणाऱ्याची नव्हे. म्हणून तुमच्या चर्चच्या सभेत असा ठराव आला, तर सही करण्याआधी दोन कागद मागा: चुन्याच्या बांधकामाची जाण असलेल्या अभियंत्याचा अहवाल आणि दुरुस्तीचा वेगळा खर्च. दोन्ही येईपर्यंत सही करू नका.