वसंताच्या शुभेच्छा – जरा जपून!

माझी पुण्याची भाची गेली दोन वर्षे चिनी भाषा शिकते आहे. दिवसा नोकरी, संध्याकाळी वर्ग. तिची कंपनी शांघायजवळच्या एका कारखान्यातून यंत्रांचे सुटे भाग मागवते आणि तिथल्या एका बाईंशी हिचा रोजचा निरोपांचा व्यवहार असतो. बाई वयाने मोठ्या, म्हणून ही त्यांच्या आडनावापुढे ‘च्ये’ लावते. च्ये म्हणजे ताई. हाच च्ये वेगळ्या सुरात म्हटला की त्याचा अर्थ होतो सण. चिनी भाषेतली अर्धी गंमत आणि अर्धी डोकेदुखी इथेच आहे.

तर एप्रिलची ४ तारीख होती. भिंतीवरच्या चिनी कॅलेंडरात त्या दिवशी सुटी दिसली, खाली ‘छिंग-मिंग-च्ये’ असे लिहिलेले. च्ये म्हणजे सण हे तर ठाऊकच होते. भाचीने उत्साहाने निरोप पाठवला, “छिंग-मिंग-च्ये खुआइ-ल!” म्हणजे, छिंग-मिंगचा सण आनंदाचा जावो.

थोड्या वेळाने उत्तर आले, “मी आज आईसाठी साओ-मू करायला आले आहे.”

‘साओ’ म्हणजे झाडणे, केर काढणे. हा शब्द स्वयंपाकघराच्या धड्यात येऊन गेला होता. ‘मू’ काही तिला आठवेना. असेल एखादी खोली, असे समजून तिने लिहिले, “छान! मीसुद्धा दिवाळीच्या आधी आईला घर झाडायला मदत करते.”

त्यानंतर दोन दिवस ताईंकडून कामापुरते ‘हो’ आणि ‘नाही’ एवढेच येत राहिले. तिसऱ्या दिवशी भाचीने वर्गातल्या बाईंना विचारले आणि तिथून निघाली ती तडक माझ्याकडे आली, डोळ्यांत पाणी घेऊन. ‘मू’ म्हणजे थडगे. ताईंची आई गेल्या वर्षी वारली होती.

“मामा, माझा एकही शब्द चुकला नव्हता हो!” ती म्हणाली.

खरेच होते ते. तिच्या वहीत वसंत ऋतूचे चाळीस शब्द सुवाच्य अक्षरात लिहिलेले होते आणि प्रत्येकासमोर मराठी अर्थ. पण त्या शब्दांमागे घरे असतात, माणसे असतात, ते वहीत कुठून येणार? त्या संध्याकाळी आम्ही दोघांनी ती यादी पुन्हा पहिल्यापासून वाचायला घेतली. मीही कधीकाळी ही भाषा शिकायला बसलो होतो. मोडकीतोडकी का होईना, अजून लक्षात आहे.

पहिला शब्द ‘छुन’, म्हणजे वसंत. या अक्षराच्या तळाशी सूर्याची चौकट आहे. पण हा वसंत सुरू केव्हा होतो? आपल्याला वसंत म्हटले की चैत्र आठवतो, कोकीळ आणि आंब्याचा मोहोर आठवतो. चिनी पंचांगात मात्र वसंत फेब्रुवारीच्या ४ तारखेच्या आसपासच उजाडतो. त्या दिवसाचे नाव ‘ली-छुन’. ‘ली’ म्हणजे उभा राहणे. आपण गुढी उभारतो, तसा त्यांचा वसंत उभा राहतो, आणि तोही उत्तरेत पाणी गोठवणाऱ्या थंडीत! त्या दिवशी ‘याओ-छुन’ करायचे, म्हणजे चक्क वसंताचा चावा घ्यायचा. करकरीत मुळा खायचा, किंवा पातळ पोळीत कोवळ्या भाज्या गुंडाळून खायच्या. त्याच गुंडाळीचे तळलेले भावंड ‘छुन-च्वेन’. आपण हॉटेलात स्प्रिंग रोल मागवतो ना, तो हाच. त्या स्प्रिंगचा अर्थ वसंत आहे, हे मलाही फार उशिरा कळले.

सूर्याच्या वाटेचे चोवीस भाग पाडून चिनी लोकांनी वर्षाचे चोवीस टप्पे केले आहेत. २०१६ साली युनेस्कोने या कालगणनेची मानवजातीच्या वारशात नोंद केली. मराठी माणसाला यात परके वाटण्यासारखे काही नाही. आपले सण चंद्रावर चालतात, पण शेतकऱ्याचा मृग सूर्यावर चालतो. म्हणून तर तो दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. तसेच हे टप्पे. वसंताच्या वाट्याला त्यातले सहा येतात. ली-छुननंतर ‘यू-श्वेइ’, म्हणजे पावसाचे पाणी. मग मार्चच्या ५-६ तारखेला माझा सगळ्यात आवडता ‘चिंग-च’. चिंग म्हणजे दचकणे आणि च म्हणजे जमिनीखाली दडून झोपलेले किडे. पहिल्या गडगडाटाने ते दचकून जागे होतात, असा तो दिवस! आपल्याकडे पहिल्या पावसाबरोबर मखमली तांबडा मृगाचा किडा बाहेर पडतो, तो पाहिलेल्याला हा शब्द पाठ करावा लागणार नाही. पुढे दिवसरात्र समान करणारा ‘छुन-फन’, मग छिंग-मिंग, आणि शेवटी २० एप्रिलच्या सुमाराला धान्याला जोम देणारा ‘कू-यू’.

आता एक घोटाळा ध्यानात ठेवायला हवा. हे टप्पे सूर्याचे, पण चिनी नववर्ष चंद्राचे. ते अमावास्येवर बेतलेले असते आणि २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी यांच्या दरम्यान कधीही येते. दोघांचा मेळ घालायला त्यांनाही अधिक महिना घ्यावा लागतो. २०२३ साली आपला श्रावण दोनदा आला, तसा त्यांचा दुसरा महिना दोनदा आला होता. कधी कधी तर एका चांद्रवर्षात ली-छुन मुळीच येत नाही. १० फेब्रुवारी २०२४ ला सुरू झालेले ड्रॅगनचे वर्ष असेच होते. आदला ली-छुन वर्ष सुरू होण्याआधीच होऊन गेलेला आणि पुढचा वर्ष संपल्यावर आला. अशा वर्षाला म्हणतात ‘वू-छुन-न्येन’, म्हणजे वसंत नसलेले वर्ष. जुन्या लोकांच्या तोंडी त्याचे नाव आणखी कठोर आहे, विधवेचे वर्ष. त्यात लग्न करू नये असा समज. २०२३ मध्ये चीनमध्ये सुमारे ७७ लाख विवाह नोंदले गेले होते, ते २०२४ मध्ये ६१ लाखांवर आले. त्याला महागाई, नोकऱ्यांची चणचण, मुळातच कमी झालेली तरुणांची संख्या, अशी दुसरी कारणे पुष्कळ आहेत. सगळा दोष पंचांगावर टाकू नये. पण सिंहस्थात लग्न नको म्हणून अडून बसलेली आजी ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही.

नववर्षाच्या सणाला ‘छुन-च्ये’ म्हणतात. १९१२ साली चीनने इंग्रजी कॅलेंडर स्वीकारले, तेव्हा वर्षारंभाचा जुना मान १ जानेवारीकडे गेला आणि जुन्या वर्षारंभाला पुढे छुन-च्ये, वसंताचा सण, हे नाव रुळले. लोक मात्र अजूनही सण करायला ‘क्वो-न्येन’ म्हणतात, वर्ष ओलांडणे. यासाठी गावी परतणाऱ्यांची जी झुंबड उडते तिलाही खास शब्द आहे, ‘छुन-युन’. चाळीस दिवस ही ये-जा चालते. २०२५ साली त्या काळात नुसत्या रेल्वेने ५० कोटींहून अधिक फेऱ्या झाल्या. गणपतीला कोकणात जाणाऱ्या गाडीत दाराशी उभे राहिलेल्यांनी त्यावरून काय तो अंदाज करावा.

या सणाच्या चालीरीती बहुतेक कानावर चालतात. मासळीला म्हणतात यू आणि शिलकीलाही यू. म्हणून वर्षाच्या शेवटच्या रात्री ताटात मासा हवाच, आणि तो सगळा संपवायचा नाही. थोडा उद्यासाठी उरला पाहिजे. दारावर ‘फू’ हे सौख्याचे अक्षर कित्येक जण मुद्दाम उलटे चिकटवतात. उलटे म्हणजे ताओ, आणि येऊन पोचणे म्हणजेही ताओ. ‘फू उलटा लागलाय’ असे कुणी म्हणाले की ऐकणाऱ्याला ‘सौख्य आले’ असेच ऐकू येते. याच न्यायाने घड्याळ भेट देणे मात्र वर्ज्य. ‘घड्याळ देणे’ आणि ‘मरणाऱ्याच्या शेवटच्या घटकेला जवळ असणे’ यांचा उच्चार एकच आहे. भाचीचा चेहरा एकदम पडला. तिच्या कंपनीने दिवाळीची भेट म्हणून चीनला भिंतीवरची घड्याळे पाठवायचे ठरवले होते!

आणि ‘साओ’? सणाच्या आधी घर लख्ख झाडायचे, सगळे जुने साल केराबरोबर बाहेर. पण पाडव्याच्या दिवशी झाडू दडवून ठेवायचा. त्या दिवशी केर काढला तर आलेले भाग्यही बाहेर लोटले जाते. लक्ष्मीपूजनाला केरसुणीला हळदकुंकू वाहणाऱ्या आपल्या बायकांना हे सहज पटावे. तोच झाडू पुढे एप्रिलमध्ये हातात येतो, तो आईवडिलांच्या थडग्यावरची वाळलेली पाने आणि तण काढायला.

छिंग म्हणजे स्वच्छ, निर्मळ. मिंग म्हणजे उजळ. या अक्षरात सूर्य आणि चंद्र शेजारी शेजारी बसलेले आहेत. (रोमन लिपीत छिंगचा ‘छ’ क्यू अक्षराने लिहितात. आपली बरीच मुले त्याला ‘क्विंग’ म्हणतात आणि फसतात. वास्तविक प आणि फ, त आणि थ, च आणि छ हा भेद मराठी कानाला जन्मापासून आहे. ज्या भेदासाठी गोऱ्या विद्यार्थ्यांना घाम फुटतो, तो आपल्याला फुकटात मिळालेला आहे.) नाव इतके प्रसन्न असले तरी हा दिवस पितरांचा. थडगे झाडायचे, फुले आणि खाद्यपदार्थ ठेवायचे, कागदी पैसे जाळायचे, वाकून नमस्कार करायचा. २००८ पासून त्या दिवशी देशभर सार्वजनिक सुटी असते. याला जोडूनच पूर्वी ‘हान-श’, थंड अन्नाचा दिवस, पाळत. चूल पेटवायची नाही. आपल्या शीतला सप्तमीसारखेच.

पण गंमत अशी, की हाच दिवस ‘था-छिंग’चाही. था म्हणजे पाऊल टाकणे आणि हा छिंग म्हणजे हिरवे. कोवळ्या हिरवळीवरून पायी फिरायला जायचे, पतंग उडवायचे. स्मशानात डोळे पुसून झाले की तीच मंडळी शेजारच्या टेकडीवर डबा उघडून बसतात. म्हणून छिंग-मिंगला ‘खुआइ-ल’ म्हणावे की नाही यावर चिनी लोकांतही दोन तट आहेत. माझे मत विचाराल तर परक्याने म्हणूच नये. ‘आन-खांग’, म्हणजे सुखरूप असा, निरोगी असा, असे पुष्कळ जण म्हणतात, तेच बरे.

याच दिवसांत शांघायकडे ‘छिंग-थ्वान’ करतात. चिकट तांदळाच्या पिठात एका रानपाल्याचा रस घालून हिरवेगार गोळे वळायचे, आत लाल घेवड्याचे गोड पुरण. उकडीचा मोदक म्हणा, फक्त कळ्या नसलेला आणि हिरवा. आणि चहा! आपला ‘चहा’ शब्द मुळात त्यांच्या ‘छा’वरूनच आला आहे. छिंग-मिंगच्या आधी खुडलेल्या कोवळ्या पानांच्या चहाला ‘मिंग-छ्येन-छा’ म्हणतात, आणि त्याचा भाव ऐकून आपण दूध-साखर घालायचे धाडस करणार नाही.

भाचीला मी आणखी एक गोष्ट सांगितली. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली भारतीय वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले. तिथे रुग्णांची सेवा करता करता चिनी बोलायला आणि लिहायला शिकले. १९४१ मध्ये क्वो छिंग-लान या परिचारिकेशी त्यांनी विवाह केला. मुलाचे नाव ठेवले यिन-ह्वा, यिन म्हणजे भारत आणि ह्वा म्हणजे चीन. ९ डिसेंबर १९४२ ला, अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, डॉक्टर गेले. त्यांची समाधी उत्तर चीनमधल्या शिच्याच्वांग शहरातल्या हुतात्मा स्मशानभूमीत आहे आणि छिंग-मिंगला तिथे लोक फुले वाहतात. सोलापूरच्या मुलासाठी परक्या मुलखात माणसे साओ-मू करतात, हे ऐकल्यावर तो शब्द तिला वहीत उतरवून घ्यावा लागला नाही.

यादीतले उरलेले शब्द सोपे होते. ‘छुन-खुन’ म्हणजे वसंतात दुपारी येणारी पेंग. कचेरीत याबद्दल बोलायला काहीच हरकत नाही, उलट मैत्रीच होते. ‘ताओ-छुन-हान’ म्हणजे गेली गेली म्हणताना माघारी फिरलेली थंडी. आणि वसंतात गरम कपडे लवकर काढू नयेत, या अर्थाची म्हण प्रत्येक चिनी आई मुलांना ऐकवत असते.

रात्री जेवण झाल्यावर भाचीने निरोप लिहायला घेतला. तीनदा खोडला. शेवटी साधी दोन वाक्ये पाठवली, “ताई, मला मू हा शब्द माहीत नव्हता, चूक झाली. आमच्याकडे भाद्रपदात पितरांना पान वाढतात, तेव्हा मी तुमच्या आईंची आठवण काढीन.”

सकाळी उत्तर आले. सोबत डब्यातल्या हिरव्या गोळ्यांचे छायाचित्र. “मी केले आहेत, पण आईच्या हातची चव नाही,” ताईंनी लिहिले होते. “दिवाळीला तुझ्या आईला घर झाडायला मदत कर हं.” आणि खाली, “माल सोमवारी निघेल.”