बोली लावून घेतलेली खोली



हॉटेलातल्या खोलीचे भाडे कसे वाचवावे हा विषय या सदरात आलेला पाहून काही वाचकांना हसू येईल. आपली माणसे परगावी गेली तर नातेवाइकांकडे उतरतात, नाहीतर विहारात किंवा धर्मशाळेत पथारी टाकतात. पण काळ बदलला आहे. शासनाच्या राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्तीवर, किंवा बँकेचे कर्ज काढून, आपली मुले-मुली अमेरिकेत व इंग्लंडात शिकायला जात आहेत. मुलीचा पदवीदान समारंभ असला की आईवडिलांना जावेसे वाटते, आणि त्यांनी का जाऊ नये? तेथे नातेवाईक नसतो. वसतिगृहात पाहुणा ठेवू देतातच असे नाही. मग हॉटेल आलेच.

आमच्या वसाहतीत एस.टी.तून निवृत्त झालेले एक कंडक्टर राहतात. सारी वसाहत त्यांना तात्या म्हणते. त्यांची थोरली मुलगी न्यूयॉर्क राज्यातल्या एका विद्यापीठात एम.एस. करत होती. २०२३ च्या मे महिन्यात तिचा पदवीदान समारंभ होता. तात्या आणि काकूंनी आधी दोन दिवस न्यूयॉर्क शहरात थांबावे, तिने विद्यापीठातून बसने येऊन त्यांना शहर दाखवावे, मग तिघांनी समारंभाला जावे असे ठरले. पासपोर्टचे अर्ज, व्हिसाचे कागद, बँकेचे दाखले ही सगळी कामे माझ्याकडे आली. मी कारकून माणूस, कागद पाहिला की मला बरे वाटते.

खोली कशी घ्यायची हे मात्र मुलीने सांगितले. ती म्हणाली, "काका, इथे नाव झाकलेले हॉटेल स्वस्त मिळते. पैसे भरल्यावर नाव कळते." मला ते लॉटरीसारखे वाटले. तेव्हा तिने सगळी हकीकत सांगितली, ती पुढे मी स्वतः वाचून पडताळली आणि मला ती फार मजेशीर वाटली. म्हणून थोडी सविस्तर देतो.

अमेरिकेत जे वॉकर नावाच्या उद्योजकाने १९९८ साली प्राइसलाइन हे संकेतस्थळ सुरू केले. कल्पना अशी की किंमत दुकानदाराने नव्हे, गिऱ्हाइकाने सांगायची. सुरुवात विमानाच्या तिकिटांपासून झाली आणि लवकरच हॉटेलच्या खोल्या आल्या. तुम्ही शहर निवडायचे, शहरातला भाग निवडायचा, किती तारांकित हॉटेल पाहिजे ते सांगायचे, तारखा द्यायच्या आणि म्हणायचे, मी एका रात्रीचे ७० डॉलर देईन. सोबत क्रेडिट कार्डाचा क्रमांक द्यायचा. बोली मान्य झाली की पैसे त्याच क्षणी कापले जात आणि मग हॉटेलचे नाव दिसे. रद्द करणे नाही, तारीख बदलणे नाही. ऑगस्ट १९९८ मध्ये या पद्धतीचे अमेरिकेत पेटंटही घेतले गेले. किंमत विचारून घासाघीस करण्याचे पेटंट, हे ऐकून आमच्या भाजीवाल्या मावशी पोट धरून हसल्या असत्या. 'स्टार ट्रेक' मालिकेतले नट विल्यम शॅटनर यांच्या जाहिरातींमुळे हे नाव अमेरिकेत घरोघरी पोचले.

आता प्रश्न असा की हॉटेलवाला दीडशे डॉलरची खोली सत्तरला का देईल? याचे उत्तर आमच्या बी.कॉम.च्या परिव्यय लेखांकनात आहे. हॉटेलची इमारत, कर्ज, पगार हा खर्च खोली भरली तरी होतो, रिकामी राहिली तरी होतो. एक पाहुणा वाढला तर चादर-टॉवेल धुणे, साबण, वीज, पाणी एवढाच जादा खर्च. आणि आज रात्री रिकामी राहिलेली खोली उद्या विकता येत नाही. तात्यांनी हे एका वाक्यात सांगितले, "डेपोतून गाडी सुटली की रिकाम्या सीटचे पैसे कोण देणार?" मग हॉटेलवाला उघडच स्वस्तात का विकत नाही? कारण तसे केले तर दीडशे देणारा नेहमीचा गिऱ्हाईकही सत्तरच मागेल. म्हणून नाव झाकायचे. ज्याला अमुकच हॉटेल पाहिजे तो पूर्ण भाडे देतो. ज्याला नुसते छप्पर पाहिजे तो डोळे मिटून स्वस्तात घेतो. दोन्ही गिऱ्हाइके सांभाळली जातात.

बोली म्हटले की लिलाव डोळ्यांपुढे येतो, पण येथे दुसरा बोली लावणारा कोणी नसे, आणि हॉटेलचा माणूस तुमची बोली वाचून विचारही करत नसे. हॉटेलांनी आपले गुप्त दर आधीच कंपनीकडे देऊन ठेवलेले असत. संगणक पाही की तुमच्या आकड्याखाली बसणारा दर आहे का. समजा हॉटेलचा गुप्त दर ६० आहे आणि तुम्ही १०० बोललात, तर खोली ६० ला मिळत नसे. मधले ४० कंपनीचे. म्हणून जाणकार लोक खालून सुरुवात करत. पण बोली फेटाळली गेली तर तीच मागणी लगेच पुन्हा करता येत नसे. चोवीस तास थांबा, किंवा मागणीत काही बदल करा, म्हणजे दुसरा भाग जोडा किंवा तारे कमी करा, असा नियम होता.

या नियमातून लोकांनी पळवाट काढली, ती ऐकण्यासारखी आहे. समजा तुम्हांला मध्यवर्ती भागात चार तारांचे हॉटेल हवे आहे. दुसऱ्या एका भागात चार तारांचे हॉटेलच नाही हे तुम्हांला आधी माहीत करून घ्यायचे. पहिली बोली फेटाळली की तो दुसरा भाग मागणीला जोडायचा. मागणी बदलली म्हणून बोली पाच डॉलरने वाढवून पुन्हा लावता येई, आणि त्या दुसऱ्या भागात चार तारांचे हॉटेल नसल्याने तेथे जाऊन पडण्याची भीती नाही. मग तिसरा भाग, चौथा भाग. पाच-पाच डॉलरने वर चढत लोक गुप्त दराच्या जवळ जात. गरजवंत माणूस हिशेबात किती हुशार होतो ते पाहा.

याच युक्तीवर किराणा आणि पेट्रोल विकण्याचाही प्रयोग झाला. 'वेबहाउस क्लब' या नावाने तो १९९९ मध्ये निघाला आणि ऑक्टोबर २००० मध्ये बंद पडला. डाळ-तांदळाचे पोते रात्री बाराला नासत नाही. ते उद्याही विकता येते. मग उत्पादक सूट कशाला देईल? सुटीतला फरक बऱ्याच अंशी चालकांनाच खिशातून भरावा लागला. प्राइसलाइनचा शेअर मार्च १९९९ मध्ये १६ डॉलरला विक्रीस आला होता आणि पहिल्याच दिवशी ६९ वर बंद झाला होता. २००० च्या अखेरीस तो दोन डॉलरच्याही खाली होता. कंपनी मात्र टिकली. तिने २००५ मध्ये बुकिंग डॉट कॉम आणि २००७ मध्ये अगोडा विकत घेतले. २०१८ पासून मूळ कंपनीचे नाव बुकिंग होल्डिंग्ज असे आहे.

स्वतः किंमत सांगण्याची ती पद्धत पुढे टप्प्याटप्प्याने बंद झाली. २०१६ साली विमान तिकिटांची गेली, नंतर मोटारी आणि हॉटेलांचीही. राहिले ते नाव झाकून विकणे. प्राइसलाइनवर त्याला एक्स्प्रेस डील म्हणतात, हॉटवायरवर हॉट रेट. येथे बोली नसते, किंमत लिहिलेली असते. हॉटेलचा भाग, तारे, सोयी आणि पाहुण्यांनी दिलेले गुण दिसतात. नाव पैसे भरल्यावर दिसते. चलाख माणूस तेच गुण आणि त्याच सोयी असलेले हॉटेल उघड यादीत शोधतो आणि बहुतेक वेळा अंदाज बांधतो.

तात्यांच्या मुलीने असेच केले. उघड भाव २२० डॉलर असणाऱ्या दर्जाची खोली तिला १५० ला दिसत होती. न्यूयॉर्क शहरात खोलीवर १४.७५ टक्के कर आणि वर रोज साडेतीन डॉलर लागतात. म्हणजे १५० ची खोली १७५.६३ ला आणि २२० ची २५५.९५ ला पडते. दोन रात्रींत १६० डॉलर वाचणार होते, तेव्हाच्या दराने तेरा हजार रुपये. तिने फोन करून विचारले, "काका, तारीख कोणती?" तिकीट माझ्या हातात होते. मी म्हणालो, "चौदा." तिने १४ आणि १५ मे अशा दोन रात्रींचे पैसे भरले.

विमान १४ तारखेला रात्री साडेअकराला मुंबईहून सुटणार होते. ते न्यूयॉर्कला उतरले १५ तारखेच्या पहाटे. मी सुटण्याची तारीख सांगितली, तिने ती पोचण्याची समजली. दोघांपैकी एकानेही "म्हणजे कुठली?" असे विचारले नाही.

पहिल्या रात्री पाहुणा आला नाही तर पुष्कळ हॉटेले पुढच्या सगळ्या रात्रीही रद्द धरतात. तात्या-काकू सकाळी नऊला सामान घेऊन काउंटरवर उभे राहिले, तेव्हा त्यांच्या नावाची खोली नव्हती. मुलगी बसमध्ये, सहा तास दूर. तात्यांना इंग्रजी वाचता येते, पण समोरची बाई बोलत होती ते समजत नव्हते. काकूंनी पासपोर्ट पुढे केला. त्यावरचा १५ तारखेचा शिक्का पाहून त्या बाईने आत जाऊन कोणाला तरी विचारले आणि दुसऱ्या रात्रीची खोली परत दिली. पहिल्या रात्रीचे पैसे गेले. १६ तारखेच्या रात्रीसाठी उघड भावाने २५५.९५ भरावे लागले. एकूण ६०७.२१ डॉलर झाले. सरळ उघड भावाने दोन रात्री घेतल्या असत्या तर ५११.९० झाले असते. स्वस्ताईपायी ९५ डॉलर, म्हणजे सुमारे ७,८०० रुपये जास्त गेले. तात्यांचे निवृत्तिवेतन ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या आकड्याचा अर्थ सांगायला नको. मी ती रक्कम द्यायला गेलो तर त्यांनी घेतली नाही. काकूंनी चहा दिला. ते मला जास्त लागले.

आणखी एक गोष्ट घडली. नाव झाकलेली खोली साधारणपणे दोन प्रौढ माणसांसाठी धरलेली असते आणि पलंग एक की दोन याची खात्री नसते. तेथे एकच पलंग निघाला. मुलगी आईजवळ झोपायचे म्हणून आली होती, ती रात्री मैत्रिणीकडे गेली.

तेव्हा अशी खोली घेणाऱ्याने तिकिटावरची उतरण्याची तारीख आणि वेळ आधी वेगळ्या कागदावर लिहावी. पहाटे उतरून लगेच खोली हवी असेल तर आदल्या रात्रीचे पैसे भरण्यात चूक नाही, पण हॉटेलचे नाव कळताच तेथे फोन करून "आम्ही सकाळी येणार, खोली रद्द करू नका" असे सांगून उत्तर देणाऱ्याचे नाव टिपून घ्यावे. तीन माणसे असतील तर उघड नावाची खोली घ्यावी. व्हिसा हातात नसेल तर रद्द करता येणारी खोलीच घ्यावी, मग ती वीस डॉलर महाग का असेना. पुष्कळ हॉटेलांत २१ वर्षांखालील मुलांना खोली देत नाहीत, हे पदवीच्या वर्गातल्या मुलांनी ध्यानात ठेवावे. काउंटरवर ठेव म्हणून कार्डावर काही रक्कम अडकवून ठेवतात, म्हणून बँकेचे साधे कार्ड देऊ नये, नाहीतर खायला पैसे उरत नाहीत. आपले येथले क्रेडिट कार्ड परदेशात वापरले तर बँक दोन ते साडेतीन टक्के वेगळे घेते, तेही वाचलेल्या पैशांतून वजा करावे. काही हॉटेले भाड्यावर आणखी एक शुल्क लावत आणि ते काउंटरवर गेल्यावर कळे. १२ मे २०२५ पासून अमेरिकेत नियम झाला की असे सक्तीचे शुल्क धरूनच किंमत दाखवली पाहिजे.

आपल्याकडे वेगळे. भारतीय स्पर्धा आयोगाने १९ ऑक्टोबर २०२२ रोजी मेकमायट्रिप-गोआयबिबो या कंपनीला २२३.४८ कोटींचा दंड केला, त्यात एक मुद्दा असा होता की हॉटेलांनी इतरत्र कमी भावाने खोली विकू नये अशी अट ती घालत असे. ती अट काढावी असा आदेशही दिला. म्हणून महाबळेश्वर असो की नागपूर, संकेतस्थळावर भाव पाहावा आणि मग सरळ हॉटेललाच फोन करून "तुम्ही केवढ्याला देता?" असे विचारावे. यात लाज कसली? रोज ७,५०० रुपयांपर्यंतच्या खोलीवर २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटी पाच टक्के आहे. कोणी बारा लावला तर पावती दाखवायला सांगावी.

तात्यांची धाकटी यंदा परदेशी जाण्यासाठी अर्ज करते आहे. कागद पुन्हा माझ्याकडेच आले आहेत. ज्या वाचकांना असा प्रवास करायचा असेल त्यांनी माणसे किती, कोणत्या शहरी, आणि विमान तेथे उतरण्याची तारीख व वेळ एवढे लिहून कार्यालयाच्या पत्त्यावर पत्र पाठवावे. सुटण्याची तारीख लिहू नये.