कागदी आराखडा आणि चालता नमुना

भोर-वेल्ह्याच्या डोंगरउतारावरील भातखाचरात श्रावणसर कोसळत असताना शेतकरी प्लास्टिकच्या पिशवीतून मोबाईल काढून पिकाचे छायाचित्र घेऊ पाहतो, हे दृश्य आता नवे राहिलेले नाही. 15 ऑगस्ट 2021 पासून ‘ई-पीक पाहणी’ राज्यभर सुरू झाली आणि सात-बारावर पीक नोंदविण्याचे काम शेतकऱ्याच्याच हाती आले. ही नोंद हुकली तर नुकसानभरपाईचा दावा अडचणीत येऊ शकतो. अशा सॉफ्टवेअरची आखणी कशी व्हावी, हा प्रश्न म्हणूनच केवळ संगणकतज्ज्ञांचा नाही.

सरकारी कामात रूढ असलेली पद्धत सर्वांच्या परिचयाची आहे. आधी जाडजूड तपशीलपत्रक लिहावयाचे, त्यावर सह्या घ्यावयाच्या, मग बांधणीला हात घालावयाचा. ‘शेतकरी पिकाचे छायाचित्र नोंदवील’ हे वाक्य कागदावर निर्दोष दिसते. परंतु खाते पाच भावांचे सामायिक, त्यांतले तिघे मुंबईला, खाचरे चार ठिकाणी विखुरलेली आणि डोंगराआड मोबाईलला रेंज नाही. अशा वेळी छायाचित्र कोणी आणि कोठे उभे राहून काढावयाचे? कचेरीत वाचताना हा प्रश्न सुचत नाही. बांधावर बटणे दाबू लागताच तो पहिल्या पाच मिनिटांत पुढे येतो. स्थळकाळाचे असे ज्ञान माणसामाणसांत विखुरलेले असते, ते आकडेवारीच्या रूपाने मध्यवर्ती कचेरीत गोळा होत नाही, हे अर्थशास्त्रज्ञ हायेक यांनी 1945 सालीच दाखवून दिले होते.

तेव्हा पडद्यावर चालणारा कच्चा नमुना आधी चावडीवर न्यावा, हेच शहाणपणाचे. या परिसराला ही कल्पना परकी नाही. शेजारी खडकवासल्यास केंद्रीय जल आणि विद्युत संशोधन केंद्रात धरणांच्या सांडव्यांची लहान प्रतिरूपे बांधतात आणि त्यांतून खरेखुरे पाणी सोडून पाहतात. सॉफ्टवेअरच्या क्षेत्रात फ्रेड ब्रुक्स यांनी 1975 मध्ये, पहिली बांधणी टाकून द्यावी लागणार हे धरूनच चालावे, असा सल्ला दिला होता. 1995 मध्ये मात्र त्यांनीच तो फार ढोबळ ठरविला आणि थोडे थोडे बांधून, वापरून, वाढवीत नेण्याचा पुरस्कार केला.

कागद अजिबात नको, असा याचा अर्थ नव्हे. सामायिक खात्यातील कोणाची नोंद ग्राह्य धरावयाची, हा नियम पडद्यावर दिसत नाही. तो लिहूनच ठेवला पाहिजे. शिवाय कंत्राटदाराचे देयक आणि लेखापरीक्षकाचा शेरा दोन्ही कागदावरच चालतात, ही अडचण खोटी नाही. यावर उपाय निविदेतच करता येईल. नमुन्याच्या चाचणीसाठी वेगळी रक्कम आणि एक संपूर्ण खरीप हंगाम राखून ठेवावा. ही चाचणी मात्र वेल्ह्याच्या खाचरातच, पावसात व्हावी; पुण्याच्या कचेरीत डिसेंबरात ती उरकल्यास ओल्या बोटांना पडदा दाद देतो की नाही, एवढेही कळणार नाही.