हिरवं दिसलं म्हणजे राखलं, असं नाही



‘उपग्रहावर सोपवा, झाड पडताच कळेल’ या आशयाचं पत्र वाचलं. सह्याद्रीच्या जंगलात ते पटतं. पण पुण्याच्या पूर्वेचं, इंदापूर-बारामतीकडचं माळरान हा आपला सॅव्हाना. तो कुऱ्हाडीने कमी, नांगराने आणि वृक्षारोपणाने जास्त संपतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्थेच्या मोजणीत किमान 1 हेक्टरवर 10 टक्के छत्र दिसलं की ते वनाच्छादन, मग ती आमराई का असेना. म्हणजे चिंकारा नि लांडगा हुसकावला, आणि कागदावर जंगल वाढलं!

उपग्रह नकोत, असं माझं म्हणणं नाही. सेंटिनेल-2 दर 5 दिवसांनी, 10 मीटरच्या बारकाईने पाहतो. प्रश्न आहे कधी पाहायचं हा. पावसाळ्यात ढग, शिवाय सगळंच हिरवं. एप्रिलात याच माळावरच्या कडबनवाडीला जाऊन बघा: गवत वाळून पिवळं कडक, कुसळं पायमोज्यात घुसतात (घरी येऊन तासभर काढत बसा). अशा पिवळ्यात एखादा चौकोन हिरवागार दिसला, तर इशारा तिथे हवा. मात्र दप्तरी हा माळ ‘पडीक’च असेल, तर तो इशारा कोणाच्या टेबलावर जाणार, हेही पत्रलेखकांनी सांगावं.

— एक वाचक, कोथरूड, पुणे