‘वाचलंस का?’च्या पुढचा प्रश्न

नवरा-बायकोनं एकच पुस्तक वाचावं की नाही, यावर गेल्या महिन्यात आमच्या महिला मंडळात चांगलीच खडाजंगी झाली. एक काकू म्हणाल्या, “वाचावं गं, पण त्यावर बोलू नये. उगीच भांडणं होतात!” सगळ्या खळखळून हसल्या. विषय तिथेच संपला आणि चहा आला. माझ्या मनातून मात्र तो गेला नाही. साडीवरून, सासरच्या आहेरावरून, मुलांच्या क्लासवरून आपण भांडतोच की! मग पुस्तकावरून झालेल्या भांडणाचीच एवढी धास्ती का असावी?

मी सांगलीची माहेरवाशीण, सासर साताऱ्याचं. बचत गटांच्या कामानिमित्त दोन्ही जिल्ह्यांत माझं बरंच फिरणं होतं. घराघरांत एक गोष्ट दिसते. बायका वाचत नाहीत, हे साफ खोटं आहे. दुपारची भांडी आवरली की पोथी, दिवाळी अंक, मुलीच्या कॉलेजची कादंबरी, जे हाताला लागेल ते वाचणाऱ्या कितीतरी जणी मला ठाऊक आहेत. पण “कसं वाटलं?” असं विचारलं की उत्तर ठरलेलं, “छान आहे.” बस्स! तेच घरातल्या पुरुषाला विचारा. पुस्तक अर्धं वाचलेलं असलं तरी तो अर्धा तास बोलेल. आणि ती पदर सावरत “हो ना, हे म्हणतात तसंच आहे” म्हणून आत चहा टाकायला जाईल.

ही सवय काही आजची नाही. सांगली जिल्ह्यातलं कडेगाव तालुक्यातलं देवराष्ट्रे आपल्याला यशवंतराव चव्हाणांचं जन्मगाव म्हणून माहीत असतं. त्यांच्या आधी पन्नास वर्षं, १८६३ साली, त्याच गावात कुर्लेकरांच्या घरी एक मुलगी जन्मली. तीच पुढे रमाबाई रानडे झाली. सांगली असा वेगळा जिल्हा तेव्हा नव्हता, हा सगळा मुलूख सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ साली दक्षिण सातारा निराळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळालं. म्हणजे रमाबाई दोन्ही जिल्ह्यांच्या लेकी! १८७३ साली, अकराव्या वर्षात असताना, त्यांचं लग्न एकतीस वर्षांच्या महादेव गोविंद रानड्यांशी झालं. पहिली पत्नी वारल्यावर हा सुधारक माणूस विधवेशी विवाह करील अशी लोकांची अपेक्षा होती, पण वडिलांच्या आग्रहापुढे ते वाकले. लग्न झाल्याझाल्याच त्यांनी बायकोला शिकवायला घेतलं. आधी मराठी, मग इंग्रजी. घरातल्या बायकांनी त्यावरून तिला किती छळलं, ते रमाबाईंनी ‘आमच्या आयुष्यातील काही आठवणी’ या १९१० साली निघालेल्या पुस्तकात लिहून ठेवलंय. रानड्यांची दृष्टी अधू होती. पुढे रमाबाई त्यांना वर्तमानपत्रं, पुस्तकं वाचून दाखवत.

हे वाचताना डोळे भरून येतात, खरं आहे. पण मला एक प्रश्नही पडतो. त्या दोघांच्या वाचनात मत कोणाचं असायचं? ते गुरू, ती शिष्या. तो काळ पाहता एवढं झालं हेच फार मोठं, आणि त्यातूनच पुण्याच्या सेवासदनाचा कारभार पेलणारी बाई उभी राहिली, हेही मान्य. तरी नवऱ्यानं बायकोला वाचायला शिकवणं ही एक पायरी, आणि तिनं वाचून काय ठरवलं हे नवऱ्यानं ऐकणं ही निराळी. पहिली पायरी आपण केव्हाच चढलो. दुसरीवर मात्र अजून पाय अडखळतो, नाही का?

दुसऱ्या पायरीचंही उदाहरण आपल्याच भागात आहे. पण तिचं नाव फारसं कोणी घेत नाही. वाळवा तालुक्यातल्या आष्ट्याला १८६१ साली जन्मलेल्या काशीबाई कानिटकर. लग्न नवव्या वर्षी, शाळेचं तोंड पाहिलेलं नाही. नवरा गोविंदराव शिकणारा, बायको शिकलेली असावी असं वाटणारा. घरच्यांच्या नजरा चुकवत काशीबाई वाचायला शिकल्या. पुढे गोविंदराव न्यायखात्यात गेले. कविता करणाऱ्या या माणसानं जॉन स्टुअर्ट मिलच्या स्त्रियांच्या गुलामीवरच्या ग्रंथाचं मराठीत भाषांतरही केलं. पण काशीबाई नवऱ्याच्या सावलीत राहिल्या नाहीत. त्यांनी कादंबरी लिहिली, गोष्टी लिहिल्या, डॉक्टर आनंदीबाई जोशींचं चरित्र लिहिलं. ‘पण लक्षात कोण घेतो’ लिहिणारे हरिभाऊ आपटे त्यांच्याशी पत्रांतून पुस्तकांची चर्चा करीत. विचार करा, ज्या काळात बाईनं चारचौघांत पुस्तक हातात धरणं म्हणजे मर्यादा सोडणं होतं, त्या काळात मराठीतला एवढा मोठा कादंबरीकार आष्ट्याच्या या लेकीचं मत मोलाचं मानत होता! शाळेत आम्हाला हे कोणी शिकवलं नाही. मराठी घेऊन बी.ए. केलं तेव्हाही काशीबाई एका ओळीत उरकल्या होत्या.

आता घरचं सांगते. आमच्याकडे पहिलं मोठं भांडण लावलं ते वि. स. खांडेकरांच्या ‘ययाति’नं. खांडेकर जन्मानं सांगलीचे, त्यामुळे माझा त्यांच्यावर हक्क थोडा जास्तच! १९५९ सालची ही कादंबरी, मराठीला पहिलं ज्ञानपीठ मिळवून देणाऱ्या लेखकाची. आमचे हे एरवी इतिहासाची पुस्तकं वाचणारे. पावसाळ्यात एकदा वीज गेली होती आणि दुसरं काही हाताशी नव्हतं म्हणून त्यांनी ती घेतली. चार दिवसांनी म्हणाले, “सगळा दोष त्या देवयानीचा. एवढी कजाग बायको असल्यावर राजा दुसरीकडे जाणार नाही तर काय करील?”

मी पोळ्या लाटत होते. लाटणं थांबलं. मी म्हटलं, “अहो, कचानं तिला नाकारलं तेव्हापासून ती जळतेय. राणी झाली, पण नवऱ्याचं मन काही मिळालं नाही. तिच्या तोंडची प्रकरणं तुम्ही चाळली की वाचली?” कारण खांडेकरांनी ही गोष्ट ययाति, देवयानी आणि शर्मिष्ठा अशा तिघांच्या तोंडून सांगितली आहे. लेखकानं तिला बोलू दिलं, आणि वाचणाऱ्यानं तेवढीच पानं भराभर उलटायची, याला काय अर्थ आहे? यांनी कबूल केलं नाही, पण त्या रात्री पुस्तक पुन्हा उघडलं. दोन दिवसांनी म्हणाले, “कजाग आहेच ती. पण का झाली, ते लिहिलंय खरं.” मी तरी कुठे पूर्ण त्यांच्या बाजूला गेले! मुलाची तरुणाई मागून घेणाऱ्या बापाला मी आजही माफ करत नाही. ते म्हणतात, शेवटी त्याला पश्चात्ताप होतो ना. मी म्हणते, सगळं उपभोगून झाल्यावरचा पश्चात्ताप स्वस्त असतो. हा वाद अजून मिटलेला नाही, आणि मिटावा असं मला वाटतही नाही.

सुनीता देशपांड्यांचं ‘आहे मनोहर तरी’ १९९० साली आलं तेव्हा कितीतरी घरांत असंच झालं होतं. “पु. लं.सारख्या नवऱ्याबद्दल असं लिहितात का?” हा पुरुषांचा पहिला प्रश्न. बायकांतल्याही पुष्कळ जणींचा तोच. मात्र स्वयंपाकघरात आवाज खाली आणून एकमेकींना सांगणाऱ्याही होत्या, “बाई, अगदी माझ्या मनातलं लिहिलंय.” माझं म्हणणं एवढंच आहे, की ते स्वयंपाकघरातलं वाक्य बाहेरच्या खोलीत का जात नाही? बाईंना नवऱ्याबद्दल तक्रार करायची होती, असं ठरवून पुस्तक बाजूला ठेवणं सोपं असतं. “यातलं तुला कुठलं पटलं?” असं विचारायला मात्र पुरुषाला धीर लागतो, आणि खरं उत्तर द्यायला बाईला दुप्पट.

कोणी म्हणेल, पुस्तकावरच्या मताचं एवढं काय घेऊन बसलात? बाईंना दुसरी कामं नाहीत वाटतं! पण बचत गटाच्या बैठकीत मी रोज बघते. महाराष्ट्रात २०११ साली स्थानिक स्वराज्य संस्थांत बायकांना पन्नास टक्के जागा मिळाल्या. गावोगाव सरपंच बाई आहेत, पण शेजारच्या खुर्चीवर बसून ‘आमचं म्हणणं असं आहे’ म्हणणारा नवराही बऱ्याच ठिकाणी आहे. घरात देवयानीबद्दल जिचं मत कोणी विचारलं नाही, ती ग्रामसभेत पाणीयोजनेबद्दल एकदम कुठून बोलणार? गोष्टीतल्या माणसांवर मतभेद झाला तर कोणाचं घर मोडत नाही, जमीन विकली जात नाही, पोरीचं लग्न अडत नाही. वेगळं बोलायची सवय करायला याहून बिनधोक जागा मला तरी दिसत नाही.

यात वाचनालयांचाही भाग आहे. पुष्कळ घरांत कार्ड नवऱ्याच्या नावावर असतं. तो जाता-येता पुस्तक बदलून आणतो, म्हणजे निवडही त्याचीच. वाचनालय उघडं असतं ते बहुधा संध्याकाळी, नेमकी दिवाबत्ती आणि कुकरच्या वेळी. पाचगणीजवळच्या भिलारला ४ मे २०१७ रोजी ‘पुस्तकांचं गाव’ सुरू झालं, तेव्हा मला सगळ्यात काय आवडलं असेल, तर पुस्तकं लोकांच्या घरांत, पडवीत ठेवली हे. स्ट्रॉबेरीच्या हंगामात पाहुणे जोडीनं येतात, बसून वाचतात. पुढे अशी आणखी गावं करायचं ठरलं, तेव्हा सांगली जिल्ह्यातल्या अंकलखोपचंही नाव त्यात आलं. तिथल्या बायकांनी मात्र पुस्तकांची धूळ झटकण्यापुरतं राहू नये. आलेल्या पाहुण्याला “हे वाचा, यातला नवरा मला मुळीच आवडला नाही” असं सांगावं!

हल्ली आमच्याकडे लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ चालू आहेत. या वेळी मी माझ्या कार्डावर आणली आणि आधी यांना दिली. रेव्हरंड टिळक १९१७ साली साताऱ्याला राहायला आले, म्हणून यांना आपल्या गावचा अभिमान. यांचं मत, टिळक म्हणजे साधू माणूस, कशाचाच मोह नाही. माझं म्हणणं, अहो, घरातलं उचलून देणारा साधू, पण उद्याच्या स्वयंपाकाची विवंचना कोणाला? लक्ष्मीबाई हसत हसत लिहितात, म्हणून तो त्रास हलका होत नाही. काल रात्री यांनी चष्मा काढला आणि विचारलं, “मग तू काय केलं असतंस?” मी अजून उत्तर दिलेलं नाही. पुस्तक शनिवारी परत करायचंय. तोवर मागची दोन प्रकरणं पुन्हा वाचून घेते.